पुण्यात सुरू झालं, माँट्रियलमध्ये थांबलं : 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आता परत येणार का?

२१ जानेवारी २०२१. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या गाजलेल्या गेमचा रीमेक या दिवशी बाजारात येणार होता आणि तो बनत होता पुण्यात आणि मुंबईत. तो आला नाही. आधी तारीख पुढे ढकलली, मग तारीख सांगणंच बंद झालं, मग काम पुण्या-मुंबईकडून काढून कॅनडातल्या माँट्रियलला देण्यात आलं. आणि बरोबर पाच वर्षांनी, २१ जानेवारी २०२६ ला, यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं हा गेम रद्द केल्याचं जाहीर केलं.

तारखांचा हा निव्वळ योगायोग. पण चाहत्यांच्या जखमेवर मीठ चोळायला पुरेसा. तेव्हापासून जगभरातल्या गेमर्समध्ये एकच वाद रंगलाय, या मालिकेचं पुढे काय? कुणी म्हणतं रीमेकचा नाद सोडा आणि नवी गोष्ट सांगा. कुणी म्हणतं यूबीसॉफ्टला जमत नसेल तर हक्क दुसऱ्या कंपनीला विकून टाका. आणि एक गट अजूनही २०२० च्या ट्रेलरपाशी अडकलाय. त्यांच्या मते भारतीय स्टुडिओला काम दिलं तिथंच गेम फसला. हा शेवटचा दावा नीट तपासून बघण्यासारखा आहे.

पण त्याआधी, हा प्रिन्स नेमका कोण?

नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांची पाठ फिरली की डॉसच्या काळ्या स्क्रीनवर 'प्रिन्स' टाइप केलंय, त्यांना सांगायची गरज नाही. पांढऱ्या कपड्यांतला एक पोरगा, तळघरातली अंधारकोठडी, पाय पडला की वर येणारे भाले आणि हातात फक्त ६० मिनिटं. १९८९ साली अमेरिकेतल्या जॉर्डन मेकनर या तरुणानं ॲपल टू कॉम्प्युटरसाठी हा गेम जवळपास एकट्यानं बनवला. आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्यानं व्हिडिओ शूट केला आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. त्यामुळे हा प्रिन्स खऱ्या माणसासारखा धावायचा, कठड्याला लटकायचा, धडपडायचा. संगीत मेकनरच्या वडिलांचं. म्हणजे घरचंच कार्य.

२००३ मध्ये माँट्रियलच्या स्टुडिओनं मेकनरला सोबत घेऊन 'द सँड्स ऑफ टाइम' आणला आणि प्रिन्स थ्रीडी झाला. भिंतीवरून धावायचं, चुकून दरीत पडलात तर खंजिराचं बटण दाबून काळ मागे न्यायचा. आज हे शेकडो गेममध्ये दिसतं, तेव्हा ते अफाट वाटलं होतं. गंमत म्हणजे या गेमची गोष्ट सुरूच होते भारतात. प्रिन्स आणि त्याचे वडील एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करतात, तिथून तो जादूचा खंजीर आणि वाळूचं घड्याळ लुटून नेतात. गेमची नायिका फराह ही त्याच महाराजाची मुलगी. त्यामुळे २०२० मध्ये या गेमचा रीमेक पुण्या-मुंबईत बनतोय हे कळल्यावर इथल्या गेमर्सची छाती फुगली होती.

कारण दुसरंही होतं. यूबीसॉफ्टनं २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ ताब्यात घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा उघडला. पण भारतातल्या अशा स्टुडिओंच्या वाट्याला बहुतेकदा येतं ते पडद्यामागचं काम. टेस्टिंग, दुसऱ्यांनी बनवलेला गेम वेगळ्या कन्सोलवर चालता करणं, मोठ्या टीमला हातभार लावणं. 'जस्ट डान्स'च्या आवृत्त्यांवर पुण्यानं वर्षानुवर्षं काम केलंय. जगभर नाव असलेल्या मालिकेचा गेम 'आमचा' म्हणून पुढे आणण्याची संधी हा वेगळा मामला होता.

१० सप्टेंबर २०२० ला ट्रेलर आला आणि सगळं फिस्कटलं. चेहरे प्लॅस्टिकसारखे, प्रकाशयोजना सपाट. दोन पिढ्या जुन्या कन्सोलवरचा गेम वाटतो अशी टीका झाली आणि खरं सांगायचं तर ती अगदीच अनाठायी नव्हती. हा लूक मुद्दाम निवडलाय, असं स्पष्टीकरण टीमकडून आलं. ते कुणाला पटलं नाही. मग मीम्स सुरू झाले आणि ग्राफिक्सवरची टीका बघता बघता 'स्वस्तात भारतात करून घेतलं की असंच होणार' इथपर्यंत घसरली. गेम आधी मार्च २०२१ वर गेला, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये माँट्रियलकडे. त्याच वर्षी प्री-ऑर्डर केलेल्यांचे पैसेही परत करण्यात आले.

'भारतीय स्टुडिओमुळे' हा दावा इथून पुढे टिकत नाही. माँट्रियल म्हणजे २००३ चा मूळ गेम जिथं जन्मला तो स्टुडिओ. अनुभव, मनुष्यबळ, पैसा यात पुण्याशी तुलनाच नको. तरी साडेतीन वर्षांहून जास्त काळ काम करून त्यांनाही गेम पूर्ण करता आला नाही. २०२४ मध्ये एक छोटासा टीझर दाखवून '२०२६ मध्ये येतोय' असं सांगितलं गेलं, एवढंच. रद्द करताना कंपनीनं कबूल केलं की हवा तो दर्जा गाठता आला नाही आणि त्यासाठी लागणारा आणखी वेळ आणि पैसा घालणं परवडणारं नाही. माँट्रियलला मात्र कुणी 'कॅनडात दिलं की असंच होणार' म्हटलं नाही.

मग दुखणं कुठे आहे? एक उत्तर प्रिन्सच्या घरातच सापडतं. 'सँड्स ऑफ टाइम'नंतर माँट्रियलमध्ये प्रिन्सच्याच पुढच्या गेमवर काम चालू होतं. त्यात नायक प्रिन्स नव्हता, त्याचं रक्षण करणारा मारेकरी होता. ही कल्पना इतकी वेगळी झाली की कंपनीनं तिला स्वतंत्र नाव दिलं. २००७ साली आलेला तो गेम म्हणजे 'असॅसिन्स क्रीड'. २०२२ पर्यंत त्या मालिकेच्या २० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. भिंती चढणं, छपरांवरून उड्या, जुन्या काळातली शहरं, हे सगळं पोरानं बापाकडून उचललं आणि बापाची खोलीही घेतली. २०१० मध्ये जेक जिलेनहालचा सिनेमा आणि 'द फरगॉटन सँड्स' हा गेम एकाच वर्षी आले, आणि त्यानंतर आजवर प्रिन्सचा एकही मोठा थ्रीडी गेम आलेला नाही.

म्हणजे मालिका मेली होती असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए स्टुडिओचा 'द लॉस्ट क्राउन' आला. टूडी, इराणी पुराणकथांवर आधारलेला, चक्क फारसी भाषेतले संवाद निवडता येणारा. नकाशावर एखाद्या जागेचा फोटो टाचून ठेवायची त्यातली सोय इतकी साधी आणि इतकी उपयोगी की आधी कुणाला का सुचली नाही असं वाटावं. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, अपंग खेळाडूंसाठी केलेल्या सोयींबद्दल 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पुरस्कार मिळाला. पण ट्रेलरच्या वेळी याच चाहत्यांनी नाकं मुरडली होती. नायकाचं नाव सारगॉन, तो राजपुत्रच नाही, गेम टूडी, मग हा आमचा प्रिन्स कसा? विक्री अपेक्षेएवढी झाली नाही आणि वर्ष संपायच्या आत ती टीम दुसऱ्या कामांना लावली गेली. बाहेरच्या 'एव्हिल एम्पायर' स्टुडिओनं केलेला 'द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया' ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्याबद्दल तर अनेक चाहत्यांना आजही माहीत नाही.

चाहत्यांच्या वादातली खरी गोची ही आहे. 'प्रिन्सला परत आणा' यावर सगळ्यांचं एकमत आहे, पण प्रत्येकाच्या डोक्यातला प्रिन्स वेगळा. कुणाला १९८९ चा मुका, पांढऱ्या कपड्यांतला हवाय. कुणाला २००३ चा बोलघेवडा. कुणाला 'वॉरियर विदिन'चा रागीट, हेवी मेटलच्या तालावर लढणारा, जो खुद्द मेकनरलाही फारसा रुचला नव्हता. २००८ च्या गेमची गोष्ट तर अर्धवटच राहिली, तिच्या शेवटाची वाट बघणारे अजून आहेत. एका गेमनं या सगळ्यांचं समाधान व्हायचं, तेही आजच्या मोठ्या गेमच्या खर्चात, हे हिशेबात बसवणं कुठल्याही कंपनीला जड जाणार.

आणि यूबीसॉफ्टचा हिशेब आधीच बिघडलाय. २०२५ मध्ये कंपनीनं 'असॅसिन्स क्रीड', 'फार क्राय' आणि 'रेनबो सिक्स' या तीन कमावत्या मालिका वेगळ्या उपकंपनीत टाकल्या आणि त्यात चीनच्या टेन्सेंटकडून १.१६ अब्ज युरो घेतले. जानेवारी २०२६ च्या फेररचनेत बाकीच्या मालिका वेगवेगळ्या गटांत वाटल्या गेल्या. प्रिन्स आता 'रेमन', 'ॲनो', 'माइट अँड मॅजिक' आणि वर्षानुवर्षं रखडलेल्या 'बियाँड गुड अँड इव्हिल'च्या रांगेत उभा आहे. कागदावर मालिका जिवंत आहे. पण ज्या दिवशी ही रांग जाहीर झाली त्याच दिवशी रीमेकसह एकूण सहा गेम रद्द झाले, दोन स्टुडिओ बंद झाले. अशा कंपनीकडून इतक्यात मोठ्या थ्रीडी प्रिन्सची अपेक्षा ठेवणं भाबडेपणाचं आहे. 'लॉस्ट क्राउन'सारखा कमी खर्चातला गेम किंवा बाहेरच्या छोट्या स्टुडिओला दिलेलं काम, हे दोनच रस्ते सध्या शक्यतेतले वाटतात. हक्क विकण्याची मागणी ऐकायला बरी, पण अडचणीतली कंपनीसुद्धा ओळखीचं नाव सहसा सोडत नाही.

ज्यांना फक्त पहिला प्रिन्स हवाय, त्यांचं काम मात्र झालेलं आहे. मेकनरला १९८९ च्या गेमच्या जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि २०१२ मध्ये त्यानं मूळ कोड सगळ्यांसाठी खुला केला. चाहत्यांनीही स्वतःच्या बळावर डॉसवाल्या गेमची आजच्या कॉम्प्युटरवर चालणारी आवृत्ती तयार केली आहे. ती फुकट मिळते आणि तिच्यात अजूनही ६० मिनिटंच मिळतात. २००३ च्या गेमचा कोड मात्र यूबीसॉफ्टच्या कुलपात आहे, आणि रीमेकसाठी पुण्यात, मुंबईत आणि माँट्रियलमध्ये झालेलं कामही.