उसनी स्मृति

आमचे सांगलीचे एक स्नेही परवां साताऱ्यास आले होते. गोव्याच्या सहलींत पाहिलेल्या ‘स्लॉट मशीन’ नामक द्यूतयंत्राचें वर्णन ते नातवापुढें मोठ्या जिव्हाळ्यानें करीत होते: ती चेरी, तें लिंबू, ती घंटा, तो बाजूचा दांडा, जुन्या काळची गोडीच निराळी! आमचा प्रश्न इतकाच कीं, हा जुना काळ कोणाचा? सातारा-सांगलीच्या कोणत्या आळींत हें यंत्र होतें? सॅन फ्रॅन्सिस्को येथें चार्ल्स फे यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तें घडविलें. गोव्यांतील पंचतारांकित हॉटेलांस त्याची मुभा मिळाली, ती १९९२ च्या कायदेदुरुस्तीनें. ज्याचा सहवासच घडला नाहीं, त्याचा विरह कसला?

बरें, तें जुनेपण तरी खरें आहे काय? फे याच्या यंत्रांत तीन चाकें खरोखरच फिरत. त्यांवरील चित्रें मोजून आशा किती धरावी, हें चाणाक्ष माणसास ताडतां येई. आजच्या यंत्रांत कळ दाबतांच संगणक निकाल ठरवून मोकळा होतो. मागाहून चालतो तो केवळ चित्रांचा खेळ. चेरी जुनी, दांडा जुना, हिशेब मात्र झांकलेला!

कोणी म्हणेल, घटकाभर करमणुकीसाठीं एवढा गहजब कशास? करमणुकीशीं आमचें वैर नाहीं. परंतु स्मृति ही माणसाची मिळकत आहे. तिचें सोंग घेऊन कोणी खिशांत हात घातला, तर त्यास रसिकता म्हणूं नये. महाराष्ट्रानें कधींच अंमलांत न आणलेला १९७६ चा कॅसिनो-कायदा २०२३ सालीं रद्द केला, हें योग्यच झालें. आतां नातवांच्या मनांत आपणच तो परवाना देऊं नये.