लायब्ररीत तोफ!

“ताई, एक विचारू? पण आईला सांगू नकोस हं.”

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला मावसबहिणीचा व्हिडीओ कॉल आला आणि पहिलंच वाक्य हे. माझ्या पोटात गोळाच आला. इंग्लंडमध्ये मास्टर्स करणारी तेवीस वर्षांची मुलगी अशी सुरुवात करते तेव्हा डोक्यात काय काय येऊन जातं! कोर्स सोडला? पासपोर्ट हरवला? कुणाच्या प्रेमात पडली? पण बाईसाहेबांचा प्रॉब्लेम निघाला तो असा, की परीक्षा दोन आठवड्यांवर आलीय, डोक्याचं पार दही झालंय आणि मैत्रिणी शनिवार-रविवार एडिंबराला निघाल्यात.

“जाऊ का गं? लोन काढून शिकायला आलेय आणि परीक्षेच्या तोंडावर फिरायला जातेय, असं वाटतं ना...”

मी हसायलाच लागले. कारण हेच शहर, हीच परीक्षेची वेळ आणि हेच ‘सांगू नकोस’, सगळं मी करून बसलेय. फक्त माझ्या केसमध्ये मध्येच एक तोफ आली.

गोष्ट मे २०२२ ची. मी न्यूकॅसलमध्ये मीडियाचं मास्टर्स करत होते. बाबांनी राहता फ्लॅट तारण ठेवून एज्युकेशन लोन काढलं होतं. पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या जरा खाली होता, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला शंभराने गुणायची सवयच लागली होती. कॉफी अडीच पौंडाला, म्हणजे अडीचशे रुपये, म्हणजे कोथरूडमध्ये दोघांची मिसळ आणि वर ताक. कॉफी घशाखाली उतरायची नाही. त्यात ‘मीडिया लॉ’चा पेपर दहा दिवसांवर. बदनामी, कोर्टाचा अवमान, खटला चालू असताना काय छापायचं आणि काय नाही... तेच पान मी चौथ्यांदा वाचत होते आणि चौथ्यांदाही ते नवंच वाटत होतं. रात्री तीनपर्यंत झोप नाही, दिवसा डोळे उघडत नाहीत.

माझी रूममेट नाशिकची, एकदम प्रॅक्टिकल. म्हणाली, “दीड तासावर एडिंबरा आहे. स्कॉटलंडला वेगळा व्हिसा लागत नाही. चल.” रेलकार्डावर आधी बुक केलेलं जायचं-यायचं तिकीट बावीस पौंड, आठ जणींच्या खोलीतला हॉस्टेलचा एक बेड तीस पौंड. टोटल बावन्न. म्हणजे पाच हजार! मी शुक्रवारी रात्री घरी फोन केला आणि शहाण्या मुलीसारखं सांगून टाकलं, “बाबा, शनिवार-रविवार दोन्ही दिवस लायब्ररीत बसणारे.”

न्यूकॅसलहून जाताना गाडीत उजव्या हाताची खिडकी पकडायची. बर्विकच्या अलीकडे-पलीकडे समुद्र अगदी रुळांजवळ येतो. बर्विकला रॉबर्ट स्टीफन्सनने बांधलेला, १८५० साली सुरू झालेला अठ्ठावीस कमानींचा पूल लागतो, आणि त्यानंतर काही मैलांवर स्कॉटलंडची हद्द. माझ्या मांडीवर लॉच्या नोट्स होत्या. एक पानही उलटलं गेलं नाही. पण गंमत म्हणजे, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मी काहीतरी बघत होते आणि ते मला दिसत होतं.

दुपारी आम्ही प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत बसलो. वर काळ्या कातळावर किल्ला, खाली हिरवळ, हातात सँडविच. आणि फोन वाजला. बाबा! पुण्यात साडेपाच वाजलेले. शनिवारचा चहा झाला की मला फोन करायचा, हा त्यांचा नेम.

“काय, चाललाय का अभ्यास?”

“हो बाबा, लायब्ररीतच आहे.” मी आवाज खाली आणला. लायब्ररी ना!

“मग हळू बोल. बाकीच्यांना त्रास...”

धडाम!

सीगल उडाले, शेजारच्या बाकावरची बाई दचकली, माझं सँडविच हिरवळीवर. एडिंबराच्या किल्ल्यावरून १८६१ पासून दुपारी बरोब्बर एक वाजता तोफ उडवतात. बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून सुरू झालेली ही प्रथा. जहाजांची गरज संपली तरी तोफ चालूच आहे. रविवारी सुट्टी असते. आणि माझा फोन आला होता शनिवारी.

पलीकडे शांतता. मग बाबा म्हणाले, “लायब्ररीत तोफ उडवतात का गं?”

“टायर... बाहेर टायर फुटला वाटतं.”

“मी चौतीस वर्षं खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत काढलीत. टायर कुठला आणि तोफ कुठली, मला कळतं.”

मग सगळं सांगितलं. बाबांनी विचारलं, “किती गेले?” म्हटलं, बावन्न पौंड. त्यांनी गुणाकार केला असावा, कारण जरा वेळ काहीच बोलले नाहीत. “जेवलीस?” “सँडविच खातेय.” “बरं. ठेवतो.”

तुम्हाला सांगते, त्या ‘बरं’पुढे तोफ काहीच नव्हती.

स्कॉटलंडच्या कोर्टात तेव्हा तीन निकाल असायचे. दोषी, निर्दोष आणि तिसरा ‘नॉट प्रूव्हन’, म्हणजे सिद्ध झालं नाही. माणूस सुटायचा खरा, पण संशय काही सुटायचा नाही. (२०२५ मध्ये तिथल्या पार्लमेंटने कायदा करून हा निकाल बाद केला.) बाबांचं ‘बरं’ असं होतं. ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं.

नॅशनल म्युझियम फुकट, म्हणून दुपारी तिथे शिरलो. क्लोन केलेली जगप्रसिद्ध डॉली मेंढी तिथे पेंढा भरून काचेत ठेवलीय. तिच्यासमोर उभी असतानाच आईचा फोन.

“अगं, तू फिरायला गेलीस त्याचं त्यांना काही नाही. खोटं बोललीस ना, ते लागलंय.”

मी भडकले. “खरं सांगितलं असतं तर जा म्हणाला असतात का?”

आई गप्प. मग हळूच म्हणाली, “ते तरी कुठे खरं बोलतात तुझ्याशी? डोळ्यात मोतीबिंदू झालाय. जानेवारीतच डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून सांगितलं. म्हणाले, ती परत आली की बघू. आत्ता तिला कळलं तर तिचं अभ्यासात लक्ष लागायचं नाही. आणि पैसेही हाताशी असू देत म्हणे, तिला कधी अचानक लागले तर. स्कूटर बंद केलीय दोन महिने. तुला सांगायचं नाही म्हणून बजावलंय.”

मी डॉलीच्या शेजारी बाकावर बसले. दोन महिने मी विचारत होते, “काय बाबा, कसं काय?” आणि ते सांगत होते, “मस्त.” ते विचारत होते, “झोप होते ना?” आणि मी सांगत होते, “मस्त.” आम्ही दोघंही एकमेकांना टेन्शन नको म्हणून एकमेकांशी इतके गोड बोलत होतो, की खरं असं काही बोलतच नव्हतो.

लगेच परत निघावंसं वाटलं. पण स्वस्तातलं तिकीट ठरलेल्या गाडीचंच असतं, आणि ती गाडी रविवारी संध्याकाळची. मग काय, संध्याकाळी आर्थर्स सीट चढलो. शहराच्या मधोमध, विझलेल्या ज्वालामुखीची २५१ मीटर उंच टेकडी. पर्वतीची सवय असलेल्या पुणेकरालाही धाप लागते बरं का. मे महिन्यात तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. वर वारा इतका, की रूममेटला काही सांगायचं तर ओरडावं लागत होतं. मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. खाली आले आणि सात अनोळखी मुलींच्या घोरण्यात सलग आठ तास झोपले, इतकंच.

रविवारी सकाळी रॉयल माईलवर गेलो. तिथे हायकोर्टासमोर डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाचा ब्राँझचा पुतळा आहे. अख्खा पुतळा हिरवट-काळा, पण पायाचा अंगठा सोन्यासारखा लखलखीत. का? तर परीक्षेआधी विद्यार्थी येऊन तो अंगठा चोळतात, नशीब उघडावं म्हणून. आपल्याकडे पेपरच्या आधी दगडूशेठला किंवा सारसबागेत लाईन लागते ना, तसंच. विनोद असा, की या ह्यूमने (१७११-१७७६) चमत्कारांवर विश्वास का ठेवू नये, यावर १७४८ मध्ये निबंध लिहिला होता!

त्याच्याबद्दल मी आणखीही वाचलं होतं. घरच्यांना वाटायचं पोराने वकील व्हावं. याने वाचनाचा असा सपाटा लावला, की अठरा-एकोणिसाव्या वर्षी तब्येतच बसली. डॉक्टरने गोळ्या दिल्या, रोज थोडी वाईन प्यायला सांगितली आणि घोड्यावरून रपेट मारायला सांगितलं. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या डॉक्टरला जे कळलं होतं, ते माझ्या नाशिकच्या रूममेटलाही कळलं होतं.

मी अंगठा चोळला. आणि तिथूनच बाबांना फोन लावला.

“बाबा, लायब्ररीत नाहीये. एका पुतळ्याच्या अंगठ्याला हात लावून उभी आहे.”

“कुणाच्या?”

सांगितलं सगळं. बाबा हसले. “चमत्कार न मानणाऱ्याकडे नवस? त्यापेक्षा आपला दगडूशेठ बरा.”

“बाबा, डोळ्याचं ऑपरेशन कधी करताय?”

शांतता. मग, “आईने सांगितलं वाटतं.”

“बरं,” मी म्हटलं. तसंच, त्यांच्यासारखं.

पाचेक मिनिटं आम्ही चक्क भांडलो. शेवटी तह झाला. त्यांनी ऑपरेशनची तारीख घ्यायची, मी दिवसाला किती तास झोपले ते खरं सांगायचं. जूनमध्ये ऑपरेशन झालं. मला लॉमध्ये एकसष्ट मिळाले. मेरिटची रेघ साठची, म्हणजे काठावर. हे मार्क ट्रिपमुळे मिळाले की ट्रिप असूनही मिळाले, मला खरंच सांगता येणार नाही. ‘नॉट प्रूव्हन’ म्हणा हवं तर. आठ तासांची झोप मात्र सिद्ध झालेली आहे.

तर बहिणीला मी म्हटलं, जा. बिनधास्त जा. तिकीट आत्ताच काढ, उजवी खिडकी बघ. डॉर्ममध्ये लॉकरसाठी स्वतःचं कुलूप ने. म्युझियम आणि नॅशनल गॅलरी फुकट आहेत, टेकडीही फुकट आहे. नोट्स नेऊ नकोस, उगाच बॅगेत ओझं. आणि निघायच्या आधी आईला फोन कर.

“आणि ती नाही म्हणाली तर?”

“तर भांड तिच्याशी. पण खरं सांगून भांड. पाच हजार रुपये फिटतात गं. रोज ‘मस्त’ म्हणत बसलीस ना, तर एक दिवस घरी काय चाललंय ते तुलाही कुणी सांगणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. मावशी दहा मिनिटं तोंडसुख घेत होती आणि अकराव्या मिनिटाला तिने विचारलं, “स्वेटर घेतलास का?”

परवा शनिवारी संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर व्हिडीओ आला. तीच बाग, तोच किल्ला, घड्याळात एक, आणि धडाम! मावशीने चार हसरे चेहरे टाकले. आईने विचारलं, “जेवलीस का?”

आणि बाबांनी, आता चष्म्याशिवाय लांबचं सगळं स्वच्छ दिसणाऱ्या माझ्या बाबांनी, खाली एवढंच लिहिलं, “लायब्ररी छान आहे.”