चवळीचा तास कुणी ठरवायचा?

मैत्रिणींनो, आधी माझीच फजिती सांगते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायांसोबत मी पऱ्हाटीच्या वावरात उभी होते. धुऱ्याजवळच्या चवळीच्या पानावर एक काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिलासारखी दिसणारी अळी होती. मी ती चिरडायला हात पुढं केला, तशी साठीची एक मावशी म्हणाली, “राहू द्या ना ताई, मावा खाते ते.” ती ढालकिड्याची अळी होती. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मावशीलाही कुणी शिकवलं नसेल, पण तिनं निंदताना पाहिलं होतं.

चवळीवर काळा मावा लवकर येतो. त्यामागोमाग ढालकिडे आणि क्रायसोपा येतात, तिथंच अंडी घालतात, वाढतात. पऱ्हाटीवर मावा-तुडतुडे चढेपर्यंत त्यांना खाणारे वावरात हजर असतात. झेंडूच्या फुलांवर अमेरिकन बोंडअळीची मादी अंडी घालते, ती तिथंच वेचता येतात. ज्वारीच्या कणसावर बसलेली पाखरं पऱ्हाटीतल्या अळ्याही टिपतात. कृषी खात्याच्या पुस्तिकांत याला आंतरपीक, सापळा पीक, मित्रकीटक म्हणतात. पण पेरणीनंतर महिन्याभरातच पहिली फवारणी झाली, तर हे मित्रच आधी मरतात.

पूर्वी तिफणीमागं सरत्यातून मूग, उडीद, चवळी पेरायला बाईच असायची. घरात काय शिजायचं ते तिला ठाऊक असे. आता आमच्या भागात पऱ्हाटीसोबत तूर टिकून आहे, कारण तूर बाजारात विकली जाते. जे घरात शिजायचं ते गेलं. बाईच्या हातचा तास गेला, आणि त्यासोबत ढालकिड्याचं घरही. मला हा योगायोग वाटत नाही. २००२ मध्ये बीटी कपाशी आली. बोंडअळीची चिंता मिटली असं सांगितलं गेलं, पण रस शोषणाऱ्या किडींवर त्या बियाण्याचा उपाय नव्हताच. फवारे चालूच राहिले.

२०१७ च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. मेले ते बहुतेक पुरुष. पण डोक्यावर हंडा घेऊन फवाऱ्याचं पाणी आणणारी, ते विषानं भिजलेले कपडे हातानं धुणारी, दुसऱ्या दिवशी त्याच पऱ्हाटीत निंदायला जाणारी बाई कुठल्या नोंदीत येते? तिची डोकेदुखी, मळमळ, अंगाची आग दवाखान्यापर्यंत पोचतच नाही.

मी चवळीला जादू म्हणत नाही. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, ढालकिडा तिथं काय करणार? तिच्यासाठी कामगंध सापळे लावावे लागतात, फरदड घेणं थांबवावं लागतं. आणखी एक गोष्ट गटातल्या बायांनीच मला सुनावली: मूग तोडायचा कुणी, शेंगा वाळवायच्या कुणी? हे काम परत बाईच्याच अंगावर येतं. म्हणून ‘पारंपरिक शेती किती छान’ असं म्हणणाऱ्यांच्या सुरात मला सूर मिसळायचा नाही. पण दुसरी बाजूही बघा. तणनाशक मारायचं ठरलं की मधली चवळी वाचत नाही, आणि भूमिहीन बाईची निंदणाची मजुरीही जाते. तेव्हा तिचं काम वाचवलं असं म्हणायचं की तिचा रोज काढून घेतला असं?

आपल्या चळवळीनं सातबारावर बाईचं नाव यावं म्हणून आग्रह धरला, समान मजुरीसाठी मोर्चे काढले. ते हवंच. पण कुठल्या तासात काय पेरायचं हा ‘तांत्रिक’ प्रश्न म्हणून आपण पुरुषांकडे आणि कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराकडे सोडून दिला. मागं एका गावातल्या शेतीशाळेला मी गेले होते. विषय होता मित्रकीटकांची ओळख. सतरंजीवर सगळे पुरुष, बाया चहा करत होत्या. मीही तेव्हा गप्प बसले, हे कबूल करते. निंदणारी, वेचणारी बाई दिवसभर पानांच्या उंचीवर डोळे ठेवून असते. कीड ओळखायचं प्रशिक्षण द्यायचं तर आधी तिला द्यायला हवं, तेही वावरात, बुडालेल्या मजुरीची भरपाई देऊन. ही मागणी आपण ग्रामसभेत लेखी द्यायला हवी.

मावशीच्या घरी सातबारा मुलाच्या नावावर आहे. चवळीनं पऱ्हाटीची जागा जाते, असं त्याचं म्हणणं. दोन बैठका आणि बरंच भांडण झाल्यावर एकराचा तोडगा निघाला: पऱ्हाटीच्या आठ तासांमागं एक तास चवळीचा, आणि तिला विचारल्याशिवाय त्या एकरात फवारा न्यायचा नाही. बी तिनं राख लावून मडक्यात ठेवलंय.