हरणाचा पाय कुणी मोडला?

पीकपाणी, गुरंढोरं, बी-बियाणं हे नेहमीचं चालूच असतं. आज काचेच्या हरणाची गोष्ट सांगतो. हरीण होतं बोटभर उंचीचं, पण त्याच्यापायी आमच्या घरात एका बाईमाणसाला कितीतरी वर्षं बोल सोसावा लागला, आणि तो सगळा फुकाचा होता. तुमच्याही घरात एखाद्या फुटक्या वस्तूचा आळ कुणाच्या तरी माथी बसलेला असेल, म्हणून हे लिहायला घेतलं.

साल १९७४. थोरल्या बंधूंचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. ते कार्तिकीला पंढरपूरला गेले आणि येताना आईसाठी बुक्का आणि तुळशीची माळ, वहिनींसाठी डझनभर बांगड्या आणि एक काचेचं हरीण घेऊन आले. वाळवंटात एक कारागीर बसला होता म्हणे. पुढ्यात ज्योत, पायाखाली भाता, हातात काचेच्या कांड्या. बंधूंच्या डोळ्यांदेखत त्याने कांडी ज्योतीत धरली, मऊ झाल्यावर तिचं धड केलं, चिमट्याने चार पाय ओढले, वर दोन शिंगं ओढली. घटकाभरही लागला नाही. कागदात गुंडाळून हातात दिलं. बंधू गावभर सांगायचे, "हातात घेतलं तर अजून ऊन होतं, तव्यावरच्या भाकरीसारखं!" हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हरीण माजघरातल्या देवळीत ठेवलं. पौषातली थंडी होती. एका रात्री 'टिच्' असा आवाज झाला. मांजरानं काही पाडलं असेल म्हणून कुणी उठलं नाही. सकाळी पाहतो तर हरीण आडवं आणि मागचा एक पाय मांडीपासून तुटलेला. देवळीच्या बाजूला झाडलोट करणारं माणूस एकच, ते म्हणजे वहिनी. आई म्हणाली, "अगं, हात लागला तर लागला म्हणून सांगावं." वहिनी देवाची शपथ घेऊन म्हणत होत्या, मी शिवलेसुद्धा नाही. मग आजीनं दुसरीच वाट धरली. कुणी हात लावला नाही आणि काच फुटली, म्हणजे लक्षण बरं नाही. आपल्याकडे बांगडी फुटली असंसुद्धा म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मग आपोआप फुटलेल्या काचेला कोण बरं म्हणणार? त्यात आठ दिवसांनी आमचा खिल्लारी बैल पोट फुगून गेला. हरीण आणि बैल यांची गाठ कुणीतरी मारली, ती सुटली नाही. "हिच्या हातनं मोडलं तेव्हापासनं" असं पुढे प्रत्येक नुकसानीला म्हटलं जाऊ लागलं.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. काही वर्षांपूर्वी शहरात एका हस्तकलेच्या प्रदर्शनात गेलो होतो. तिथं एक कारागीर गॅसच्या ज्योतीवर काचेची पाखरं करत होता. पण याची एक रीत वेगळी. पाखरू झालं की ते लांब चिमट्यात धरून शेजारच्या विजेच्या छोट्या भट्टीत ठेवायचा आणि दार लावून घ्यायचा. मी म्हटलं, "हे झालेलं द्या की." तो म्हणाला, "उद्या या. आत्ता दिलं तर तुमच्या घरी जाऊन फुटेल." मी चमकलो. आमच्या हरणाची हकीकत त्याला सांगितली. त्यानं एकच गोष्ट विचारली, "हातात दिलं तेव्हा गरम होतं का?"

मंडळी, त्या प्रश्नात सगळं उत्तर होतं.

काच काही पाण्यासारखी एका ठरावीक अंशाला गोठत नाही. चिक्कीचा पाक जसा निवता निवता दाट होतो, मग चिवट, मग कडक, तशी काच थिजत जाते. आपली बांगडीची, बाटलीची काच सातशे अंशांच्या आसपास मऊ पडून आकार सोडू लागते. ज्योतीबाहेर काढली की तिची वरची साल आधी निवते आणि कडक होते. आतला गाभा अजून ऊन असतो. पुढे गाभा निवतो, निवताना आकसायला बघतो, पण वरची साल आता कडक झालेली, ती त्याला आकसू देत नाही. गाभा सालीला आत ओढतो, साल गाभ्याला बाहेर धरून ठेवते. वस्तू थंडगार झाली तरी ही ओढाताण जिरत नाही, तशीच आत गोठून राहते. वरून काच चकचकीत, आत ताण. नांदत्या घरातल्या अबोल्यासारखं.

हरणासारख्या वस्तूत तर आणखी एक खोट. पाय काडीएवढा, धड अंगठ्याएवढं. पाय बघता बघता निवतो, धडाला वेळ लागतो. म्हणजे दोन्ही जिथं जुळतात, तिथं ताण गोळा होतो. नव्या मातीच्या भिंतीचा पातळ भाग उन्हानं लवकर वाळतो आणि जाड भागाशी भेग पडते, तेच इथं. आमच्या हरणाचा पाय नेमका मांडीपाशी तुटला होता, हे मला तेव्हा कुठे आठवलं.

तुम्ही म्हणाल, फुटायचंच होतं तर वाळवंटातच का नाही फुटलं? दाबाला काच चांगली टिकते, ओढीला फार कच्ची. तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात. जिथं ओढ असते तिथं ओरखड्याच्या टोकाशी हवेतली ओल काम करते, आणि चीर कणाकणानं पुढे सरकते. दिवस जातील, महिने जातील. मग एखाद्या कडाक्याच्या रात्री काच एकीकडून लवकर गार पडते, तेवढं निमित्त पुरतं. हात कुणाचाच लागत नाही.

काचेतला ताण किती जबर असतो याचा एक जुना खेळ आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला तर लांब शेपटीचा थेंब तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो दाद देत नाही, पण शेपटीचं टोक मोडलं की क्षणात त्याची पूड होते. १६६० साली राजपुत्र रूपर्ट यानं असे थेंब इंग्लंडात आणून दुसऱ्या चार्ल्स राजाला दाखवले, म्हणून त्यांना त्याचंच नाव पडलं. पोरांनी हा खेळ घरी करू नये, पूड डोळ्यांत जाते. मोटारीच्या बाजूच्या काचेत हाच ताण मुद्दाम आणि सगळीकडे सारखा भरलेला असतो. म्हणून ती मजबूत असते आणि फुटली तर सुरीसारखे तुकडे न होता ज्वारीच्या दाण्यांसारखी विखुरते. ताण सारखा असला तर उपयोगी पडतो, वेडावाकडा असला तर घात करतो.

तो वेडावाकडा ताण काढण्यासाठी ती भट्टी. या कामाला कारागीर ॲनीलिंग म्हणतात, पुस्तकी मराठीत अनुशीतन. साध्या काचेसाठी भट्टी ५२० अंश सेल्सियसच्या आसपास धरतात. एवढ्या उष्णतेला काच दिसायला घट्टच असते, हरणाचे पाय वाकत नाहीत, पण आतल्या कणांना थोडं सरकून बसायला वाव मिळतो. पाव तासात बराचसा ताण सैल होतो. तीच गोष्ट चाळीस-पन्नास अंश खाली करायची म्हटली तर तास लागतात, आणि घरातल्या देवळीत तर सात पिढ्या गेल्या तरी होणार नाही. म्हणून ठेवून ठेवून काच आपोआप बरी होईल, ही आशा नको. बोटभर जाडीच्या वस्तूला तो कारागीर तासभर ५२० वर ठेवायचा, मग दर तासाला पन्नास-साठ अंश असं सावकाश ३७० पर्यंत उतरवायचा, आणि नंतर भट्टी बंद करून दार न उघडता सकाळपर्यंत सोडून द्यायचा. खरी जोखीम उतरतानाची असते. घाईनं उतरवलं तर काढलेला ताण पुन्हा भरतो. भट्टीत डोकावायचा मोह आवरणं हेच अर्धं कसब, असं तो म्हणाला. कुंभारालाही हे सांगावं लागत नाही.

जाडी वाढली की वेळ नुसता वाढत नाही. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. अमेरिकेत पालोमार पर्वतावरच्या दुर्बिणीसाठी कॉर्निंग या गावी १९३४ च्या डिसेंबरात २०० इंच व्यासाची, सुमारे २० टनांची काचेची तबकडी ओतली. ती निववायला दहा महिने लागले. मधेच १९३५ च्या जुलैत तिथल्या नदीला पूर आला, पाणी कारखान्यात शिरलं आणि भट्टीची वीज काही दिवस बंद ठेवावी लागली. उभं पीक पाण्यात असताना शेतकऱ्याची जी गत होते, तीच त्या लोकांची झाली असणार. तबकडी मात्र वाचली, आणि १९४८ साली दुर्बीण उभी राहिली. आपल्या हरणाला दहा महिने नकोत, एक रात्र पुरते. वाळवंटातल्या कारागिराकडे तेवढीही नव्हती. गिऱ्हाईक समोर उभं, पोट हातावर. त्याला तरी काय म्हणायचं?

ज्यांच्याकडे भट्टी नाही ते गरम राखेत वस्तू पुरून ठेवतात. पूर्वीपासूनची रीत आहे आणि काहीच न करण्यापेक्षा बरी. बारीक मण्यांना त्यावर बहुधा निभतं, पण जाड-बारीक अंगाच्या वस्तूला नाही, कारण राखेची उष्णता ५२० अंशांवर तासभर टिकून राहत नाही. राखेत निववलेली वस्तू फुटली नसेल तर नंतर भट्टीत घालून हळूहळू तापवून पुन्हा सावकाश निववता येते. प्रयोगशाळेतल्या नळ्यांची काच वेगळी असते. ती उष्णतेनं साध्या काचेच्या साधारण तिसऱ्या हिश्शानेच फुगते-आकसते, म्हणून धक्का जास्त सोसते. तिला भट्टी मात्र जरा चढी, ५६० अंशांच्या पुढे लागते. या दोन जातींच्या काचा एकमेकींना जोडू नयेत. त्या आकसतात निरनिराळ्या, आणि कितीही सावकाश निववलं तरी सांध्यात तडकतात. आपल्यातलं एखादं पोर हे काम शिकत असेल तर त्यानं ज्योतीच्या आधी भट्टीची सोय पाहावी.

विकत घेतलेल्या वस्तूत ताण आहे का, हे पाहण्याची सोपी युक्ती त्या कारागिरानं दाखवली. कॉम्प्युटरचा सपाट एलसीडी पडदा कोरा पांढरा करून ठेवायचा. उन्हात घालायचा पोलरॉइड गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवायचा, पडदा काळा दिसेल तिथं थांबायचं. मग पडदा आणि गॉगल यांच्या मधे काचेची वस्तू धरायची. चांगली निवलेली वस्तू पडद्यासारखीच काळी राहते. ताण असेल तिथं उजेडाचे डाग, कधी रंगाचे पट्टे दिसतात. त्यानं मुद्दाम न भाजलेलं एक पाखरू धरून दाखवलं. मानेपाशी नुसता उजेड फुटला होता. हात न लावता आतला ताण डोळ्यांनी बघितला, आणि मला एकदम आमची देवळी आठवली.

गावी आल्यावर वहिनींना हे सगळं सांगितलं. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. हात थांबले.

"म्हणजे भावजी, ते येतानाच मोडकं आलं होतं?"

"मोडकं नव्हतं वहिनी. मोडायच्या बेतात होतं."

"आणि तुमचे भाऊ ते ऊन होतं म्हणून कौतुकानं सांगत हिंडायचे!" असं म्हणून हसल्या. बऱ्याच हसल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "आत्याबाई असत्या तर त्यांना सांगितलं असतं हो तुम्ही."

आई १९९१ साली गेली. आजी त्याच्या आधीच.

त्या प्रदर्शनातून दुसऱ्या दिवशी मी एक हरीण घेऊन आलो होतो. त्यासाठी एक रात्र भाच्याकडे मुक्काम टाकावा लागला. हातात घेतलं तेव्हा ते गार होतं. आता वहिनींच्या कपाटात आहे, बिनकाचेच्या कप्प्यात, खिडकीच्या उन्हापासून जरा लांब. नातवंडं येता-जाता त्याला हात लावतात. वहिनी लावू देतात.