रक्ताची तलफ

व्हॅम्पायर म्हटलं की काळा झगा, पडका किल्ला, लसूण... बरोबर? मग एबल फेराराचा ‘द अ‍ॅडिक्शन’ (१९९५) बघाच. कमी बजेटचा, ब्लॅक अँड व्हाइट, न्यूयॉर्कमध्ये घडणारा. फिलॉसॉफी शिकणाऱ्या कॅथलीनला (लिली टेलर) एक बाई रस्त्यावरून अंधारात ओढून नेते आणि म्हणते, मला निघून जायला सांग! कॅथलीन नुसती गयावया करते. मग चावा. पुढे हीच मुलगी झोपलेल्या बेघर माणसाचं रक्त सिरिंजने काढून स्वतःला टोचते. ड्रॅक्युला नाही, चक्क गर्दुल्ला! ख्रिस्तोफर वॉकेनचा मुरलेला व्हॅम्पायर भूक मारून जगतो, पण भूक काही जात नाही.

मी सिगरेट चारदा सोडलीय. परवा पुन्हा टपरीवर उभी होते, तेव्हा ती बाई आठवली. ‘जा’ म्हणायचं असतं हो, ‘प्लीज’ नाही.