वाळूचा हिशेब बारदानासकट

पेढीवर माल येतो तेव्हा काट्यावर दिसणाऱ्या वजनातून बारदान वजा केल्याशिवाय कोणी पैसे मोजत नाही. व्यापारी घरातल्या लहान मुलालाही हे शिकवावे लागत नाही. मोटारगाडी घेताना मात्र नेमके उलटे घडते. माहितीपत्रकात छापलेले वजन रिकाम्या गाडीचे असते, म्हणजे ते केवळ बारदान होय. माणसे, बॅगा, पाण्याचे कॅन हा खरा माल त्यात धरलेलाच नसतो. डांबरी रस्त्यावर या फरकाने फारसे बिघडत नाही. वाळवंटात मात्र सगळा निकाल याच फरकावर लागतो.

जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर सम आणि नैर्ऋत्येस खुडी येथे थारच्या वाळवंटातील वाळूच्या टेकड्या आहेत. तेथील लोक त्यांना धोरे म्हणतात. पुण्याहून तेथपर्यंतचे अंतर हजार किलोमीटरहून अधिक असले, तरी अलीकडे अनेक परिवार स्वतःच्या गाडीने तेवढा प्रवास करतात. घरातील तरुण मंडळी मग एवढ्यावर थांबत नाहीत. गाडी धोऱ्यांवरही चढवावी असा त्यांचा आग्रह असतो. आवाक्यातल्या किमतीत त्यासाठी मुख्यतः दोन नावे पुढे येतात, महिंद्राची थार आणि मारुती सुझुकीची जिम्नी. त्यांतली कोणती, हा प्रश्न वरवर दिसतो तितका आवडीनिवडीचा नाही.

दोन्ही गाड्यांचे घराणे जुने आहे. महिंद्राने १९४७ मध्ये विलीस जीपची जुळणी सुरू केली. त्या परंपरेतील थार हे नाव २०१० मध्ये आले आणि आजचे तीन दारांचे रूप २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात उतरले. वाळवंटाचे नाव धारण करणारी ही गाडी आपल्या नाशिकमध्ये तयार होते. सुझुकीच्या छोट्या फोर बाय फोर गाड्यांची परंपरा १९७० पासूनची. भारतात ती १९८५ मध्ये जिप्सी या नावाने आली आणि सैन्यदलाने तिला वर्षानुवर्षे वापरले. पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये विक्रीस आली. दोघींची लांबी अगदी सारखी, ३,९८५ मिलिमीटर. आणि दोघींतही माणसे चारच बसतात.

येथे पहिली सावधगिरी घ्यावी लागते. जिम्नीच्या प्रत्येक गाडीत चारही चाकांना ताकद मिळते आणि लो रेंजचा गिअरही असतो. थारचे तसे नाही. जानेवारी २०२३ पासून केवळ मागच्या दोन चाकांवर चालणारी थारही विकली जाते. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात आणि मागच्या चाकांची गाडी स्वस्त पडते. शहरासाठी ती अवश्य घ्यावी. परंतु एका नावाखाली दोन प्रतींचा माल आहे, हे न पाहता तीच गाडी वाळूत घातली, तर पहिल्याच धोऱ्यावर ती रुतेल. यापुढील तुलना फोर बाय फोर थारचीच आहे.

आता काट्याकडे वळू. जिम्नीचे रिकामे वजन सुमारे १,२०० किलो, तर पेट्रोल थारचे ढोबळमानाने १,७५० किलो. जिम्नीच्या दीड लिटर इंजिनाची शक्ती सुमारे १०५ अश्वशक्ती, थारच्या दोन लिटर टर्बो इंजिनाची सुमारे १५०. दर शंभर किलोमागे हिशेब केला, तर जिम्नीच्या वाट्याला पावणेनऊ अश्वशक्ती येते आणि थारच्या वाट्याला साडेआठच्या किंचित वर. म्हणजे रिकाम्या गाड्यांत लहान जिम्नीच अंशभर सरस ठरते. शिवाय वाळूला हलके पाऊल मानवते. टायरच्या रुंदीच्या दर मिलिमीटरवर जिम्नी साधारण दीड किलो भार टाकते, थार एक किलो सातशे ग्रॅम. जिम्नीच्या चाहत्यांचा दावा या आकड्यांवर उभा आहे आणि तो खोटा नाही.

परंतु चार प्रौढ माणसे, चार बॅगा आणि पाणी मिळून ३५० किलो भार सहज होतो. हा भार थारच्या वजनाच्या २० टक्के आहे, जिम्नीच्या मात्र २९ टक्के. भरल्यावर जिम्नीच्या वाट्याला शंभर किलोमागे ६.८ अश्वशक्ती उरते, थारच्या वाट्याला ७.१. टायरवरचा भार तर दोघींचा जवळजवळ सारखाच, मिलिमीटरमागे दोन किलोच्या आसपास होतो. रिकामेपणी असलेली सरशी भरल्यावर पुसली जाते.

याहून मोठा फरक टॉर्कमध्ये आहे. टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर. थारच्या पेट्रोल इंजिनात तो ३०० न्यूटन मीटर असून १,२५० फेऱ्यांपासूनच मिळतो. जिम्नीत तो १३४ आहे आणि पुरता हाती येण्यासाठी इंजिन ४,००० फेऱ्यांपर्यंत न्यावे लागते. मऊ वाळूचा लांब चढ चढताना वेग ओसरू लागला, की थारचा चालक पायाच्या किंचित दाबाने सावरून घेतो. जिम्नीच्या चालकाने आधीच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या फेऱ्या चढ्या ठेवलेल्या असाव्या लागतात. म्हणून कसलेल्या हाताला जिम्नी उत्तम साथ देते. नवख्याच्या चुका मात्र थार अधिक पोटात घालते.

उरलेल्या बाबी थोडक्यात अशा. थारचा तळ जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आहे, जिम्नीचा २१०. पुढचा बंपर न टेकता चढ घेण्याचा कोन थारचा सुमारे ४१ अंश, जिम्नीचा ३६. जिम्नीच्या पुढच्या व मागच्या चाकांत २,५९० मिलिमीटर अंतर आहे, थारच्या चाकांत २,४५०. धोऱ्याच्या टोकदार माथ्यावर गाडीचे पोट टेकण्याचा संभव म्हणून जिम्नीत थोडा जास्त. वाळूत इंधन रस्त्यापेक्षा पुष्कळ अधिक लागते. थारची टाकी ५७ लिटरची आहे, जिम्नीची ४० लिटरची. याउलट जिम्नीला मागे स्वतंत्र दारे आहेत. थारमध्ये मागे बसण्यासाठी पुढचे आसन सरकवून वाकून शिरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आजींना ते दिवसातून दहा वेळा करणे शक्य नाही, आणि हा मुद्दा कोणत्याही टॉर्कपेक्षा लहान नव्हे.

गाडी कोणतीही घेतली, तरी वाळूत तिचे भवितव्य टायरमधील हवा ठरवते. रस्त्यासाठीची हवा किती, हे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. वाळूत शिरण्यापूर्वी ती १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवतात. टायर मग पसरतो, जमिनीला लागणारा त्याचा ठसा लांबतो आणि गाडी वाळू कापण्याऐवजी तिच्यावर तरंगते. पूर्ण हवा भरलेली थार जेथे रुतते, तेथून हवा उतरवलेली जिम्नी निघून जाते. मात्र कमी हवेवर जोरात वळण घेतले, तर टायर रिममधून निसटू शकतो. पक्क्या रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरणे अत्यावश्यक आहे. म्हणून हवेचा मापक आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा कंप्रेसर ही हौसेची नव्हे, गरजेची खरेदी आहे.

चालवण्याचे नियमही थोडेच आहेत. सकाळची थंड वाळू दुपारच्या वाळूपेक्षा घट्ट असते. धोऱ्याची वाऱ्याकडची बाजू सौम्य उताराची, तर आडोशाची बाजू तिशी ओलांडणाऱ्या अंशांची, भुसभुशीत असते. चढताना आणि उतरताना सरळ रेषेत राहावे. उतारावर गाडी आडवी घालणे म्हणजे उलटण्यास आमंत्रण. माथ्यापलीकडे काय आहे ते दिसत नसेल, तर आधी पायी जाऊन पाहावे. थांबायचे तर ब्रेक दाबून नव्हे, वेग आपोआप ओसरू देऊन आणि शक्यतो तोंड उताराकडे ठेवून. चाके जागच्या जागी फिरू लागली, की पाय तात्काळ उचलावा. त्यानंतर दिलेला प्रत्येक दाब गाडीला आणखी खोल गाडतो. ज्या चाकोरीतून आलो, तिच्यातूनच हळूच मागे घेणे हा पहिला उपाय. फावड्याने चाकापुढची वाळू काढणे हा दुसरा.

तिसरा उपाय दुसऱ्या गाडीचा, आणि म्हणूनच एकट्या गाडीने धोऱ्यांत कधी जाऊ नये. सर्वांत भारी गाडी एकटी असेल तर ती असहाय आहे. दोन साध्या गाड्या मिळून एक भक्कम व्यवस्था होते. येथे हलक्या गाडीचा आणखी एक गुण दिसतो. रुतलेली जिम्नी ओढून काढणे सोपे, भरलेली थार ओढण्यासाठी तितक्याच तोलाची गाडी हवी. ओढण्याचा पट्टा कंपनीने दिलेल्या हुकालाच लावावा. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला तो लावल्यास गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा उडतो आणि त्याने जीवही जाऊ शकतो.

हे वाळवंट उन्हाळ्यात माणसाला क्षमा करत नाही. याच प्रदेशातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. धोऱ्यांत मोबाईल अनेकदा निरुपयोगी ठरतो. सहल हिवाळ्यातच आखावी, तरीही माणशी दररोज किमान पाच लिटर पाणी गाडीत असावे. कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघावे. सीमेलगतच्या काही भागांत परवानगीशिवाय जाता येत नाही, तीही चौकशी आधी करावी.

आणि जे निर्मनुष्य आहे ते निर्जीव नाही. सम-खुडीच्या परिसरातच राष्ट्रीय मरु उद्यान पसरले आहे. माळढोक, ज्याला राजस्थानात गोडावण म्हणतात, तो उघड्या जमिनीवर अंडे घालतो आणि आता त्याची संख्या फारच थोडी उरली आहे. सांडा नावाचा सरडा बिळांत राहतो. सेवण गवताची मुळे वाळू धरून ठेवतात. रुळलेली वाट सोडून गवतातून घातलेली गाडी क्षणात किती जीवांचे घर मोडते, याचा आकडा कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. स्थानिक चालक ज्या धोऱ्यांवर गाड्या नेतात, तेवढ्यावरच समाधान मानावे.

मग निवड कशी करावी? दोनच माणसे, सामान मोजके आणि गाडी चालवणारा सरावाचा असेल, तर जिम्नी घ्यावी. चार प्रौढ भरल्या सामानासह जाणार असतील आणि चालक नवखा असेल, तर फोर बाय फोर थार अधिक विश्वासाची. घरात वृद्ध असतील, तर पुन्हा जिम्नी. पण भार कमी करूनच. खरेदीपूर्वी आणखी एक जमाखर्च मांडावा. वर्षातील तीन-चार दिवस गाडी वाळूत असेल, उरलेले दिवस बाजारपेठेच्या गल्लीत, शाळेच्या फाटकाशी आणि महामार्गावर. गाडी त्या उरलेल्या दिवसांसाठी निवडावी आणि वाळूच्या दिवसांसाठी तिला हलकी करावी.

हा हलके करण्याचा उपाय कोणत्याही विक्रेत्याकडे मिळत नाही, कारण त्याला किंमतच पडत नाही. बॅगा जैसलमेरच्या मुक्कामी उतरवाव्यात. ज्येष्ठांसाठी वाळूच्या कडेपर्यंत भाड्याची जीप आणि जाणता स्थानिक चालक घ्यावा. धोऱ्यावर न्यायचे ते दोन जण, पाणी, फावडे, पट्टा आणि कंप्रेसर. चार जणांच्या बॅगांचे साठ-सत्तर किलो आणि दोन माणसांचे सव्वाशे-दीडशे किलो उतरले, की साडेतीनशे किलोंचा भार निम्म्याहूनही खाली येतो. असा भार उतरवून सकाळी लवकर निघालेली गाडी, तिच्यावर नाव कोणतेही असो, बहुधा स्वतःच्या चाकांवर परत येते.