पाठ संपला, पायरी राहिली

बावन्न वजा सत्तावीस. सहावीतल्या मुलीचं उत्तर : 35.

शनिवारी संध्याकाळी वस्तीतल्या आठ-दहा मुलांना घेऊन बसतो, तिथली गोष्ट. वहीत लाल फुली आधीच होती. तिला म्हटलं, कसं केलंस ते सांग. म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले. पाच. मग पाचातून दोन, तीन."

म्हणजे पोरगी विचार करत होती! मोठ्यातून लहान घालवायचं, हे ती पहिलीत शिकली आणि तिथे ते बरोबरच होतं. पुढची पायरी तेवढी कुणी दाखवली नाही. फुलीवरून तिला चुकलं एवढंच कळलं, कुठे ते नाही.

आइसक्रीमच्या काड्या काढल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सत्तावीस दे म्हटलं. दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि अडली. मग मी काही न बोलता तिनेच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. दशक सुटा करणं म्हणजे हेच. कागदावर ते पक्कं व्हायला मात्र तीन शनिवार गेले. (मध्ये वडिलांनी घरी त्यांच्या पद्धतीने "हातचा एक खाली दे" शिकवलं. पद्धत चूक नाही, पण दोन्ही एकत्र झाल्या आणि पुन्हा गोंधळ.)

त्याच दिवसांत तिच्या वर्गात अपूर्णांक चालू होते. भागाकाराच्या प्रत्येक टप्प्यावर वजाबाकी लागते. ती कच्ची, तर भागाकार कच्चा. मग छेद समान करताना ती काय करणार? फळ्यावरचं उतरवून घेणार.

यात बाईंना दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा उघडा, कलम 24. शिक्षकाने ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करावा, असं तिथे आहे. आणि लगेच पुढच्याच ओळीत, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवावं, असंही आहे. पहिल्या गोष्टीचा हिशोब साहेब मागतात. दुसरीचा कोण मागतं? त्यात जनगणना, निवडणूक ही कामं कायद्यानेच शिक्षकांवर टाकलेली, आणि माहिती भरायची ॲप्स वेगळीच.

पायरी लहान करायचा प्रयत्न झाला की आपण काय करतो, तेही आठवा. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असंही वाचन दिलं. मंगला नारळीकरांसारख्या गणितज्ञ बाई त्यामागचं कारण समजावून सांगत होत्या : जोडाक्षरं अवघड जातात आणि ऐकलेला क्रम लिहिलेल्या क्रमाच्या उलटा असतो. आपण विनोद फॉरवर्ड केले. मीसुद्धा केले. आता 'एकोणचाळीस' ऐकून 49 लिहिणारा मुलगा समोर बसतो, तेव्हा ते विनोद आठवतात.

त्याच वर्षी केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीत नापास करायची मुभा राज्यांना मिळाली, ती आपणही घेतली. ठीक. पण दुसरीच्या वजाबाकीवर अडलेल्या मुलाला पुन्हा पाचवीत बसवलं, तर पुस्तक पाचवीचंच मिळणार ना? वर्ष वाया, पायरी तिथेच.

माझं म्हणणं एवढंच आहे. गणिताच्या तासातली पहिली वीस मिनिटं इयत्तेची नव्हे, पायरीची असू द्या. वजाबाकीवर अडलेले एकीकडे, भागाकारवाले दुसरीकडे, मग ते कुठल्याही तुकडीतले असोत. दर महिन्याला गट बदला. आणि त्यापायी दोन पाठ मागे राहिले तर त्या बाईंना कारणे दाखवा नोटीस जाणार नाही, हे अधिकाऱ्यांनी लेखी द्यावं.

पुढच्या पालकसभेत "किती पाठ झाले?" विचारू नका. "माझं मूल कुठे अडतंय?" असं विचारा. उत्तर काय मिळालं, ते खाली कमेंटमध्ये लिहा. शाळेचं नाव नको.